बोटांकडे पाहणाऱ्या बाई

डिचोलीच्या शालिनीबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या गौरवग्रंथात मोठमोठी माणसे लिहिणार, त्यांत मी पेडण्याचा भिवा, चौथीपर्यंत शिकलेला. काही चुकेल अशी धास्ती आहे. पण बाईंच्या हाताखाली धनुष्य शिकलेल्यांत सर्वांत म्हातारा विद्यार्थी मीच, म्हणून लिहितो.

आमच्या गावात दसऱ्याला देवळापुढे केळीचा खांब उभा करतात आणि बांबूच्या धनुष्याने त्यावर मानाचा बाण मारतात. तो मान आमच्या घराण्याचा. माझे थोरले भाऊ, दादा, अंथरुणाला खिळले आणि तो माझ्यावर आला. पहिल्याच वर्षी दोरी हातावर सपकन बसली आणि बाण वाटेतच मातीत पडला.

"काय रे भिवा, बाण मारलंस काय खांबाक लांबसून नमस्कार केलंस?" मागून कोणी ओरडले. सगळे हसले. नंतर गावकऱ्यांनी ठरवले, पुढच्या दसऱ्याला बाण लागला नाही तर मान दुसऱ्या घराला. दादांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

तेव्हा बाईंकडे गेलो. शाळेत खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि अंगणात धनुर्विद्या शिकवीत. मला त्यांनी बाण सोडायला लावला. मी निशाणाकडे पाहत होतो, त्या माझ्या उजव्या बोटांकडे.

"भिवाभाऊ, तुम्ही दोरी सोडत नाही, झटकता. बाण सुटण्याआधीच तुमचा जीव खांबापाशी जाऊन पोचतो."

बाण काढून घेतला आणि पाण्याने भरलेली बालदी हातात दिली. कडी बोटांच्या पेरांत अडकवायची, मनगट सैल ठेवायचे, आणि बोटे उघडायची नाहीत, नुसती ढिली करायची. मुद्दाम उघडली की बालदी हेलकावे आणि पाणी माझ्या पायांवर. ढिली केली की सरळ खाली. "बाई, बाण कधी?" असे विचारले की म्हणत, "बालदीला विचारा."

हातावरच्या वळाला त्या स्वतः खोबरेल लावीत. चुकल्यावर रागावत नसत, पण लबाडी त्यांना खपत नसे. देवळाच्या एका मानकऱ्यांनी खांब थोडा अलीकडे रोवू म्हटले. मला हायसे वाटले. बाई म्हणाल्या, "रोवा. मान राहील. मग दादांच्या समोर बसून जेवता येईल तुम्हाला?" मी खांब होता तिथेच ठेवायला सांगितला.

दसऱ्याला दादांना उचलून देवळापुढे आणले. बाईही आल्या आणि माझ्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. दोरी ओढली, हात गालाला टेकला, आणि नेहमीची भीती आली. मग बालदी आठवली. बोटे कधी ढिली झाली ते मला कळलेच नाही. ढोल वाजले, दादा लहान मुलासारखे रडू लागले, तेव्हा बाण लागल्याचे समजले. बाईंनी खांबाकडे अजून पाहिलेही नव्हते. "आज बोटे शहाणी झाली," एवढेच म्हणाल्या.

दादा आता नाहीत. मान घरात आहे. भीती मात्र दर दसऱ्याला येतेच, आणि बाई बाजूला दिसल्या की ती जाते. हल्ली त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. म्हणून यंदा बोटे दिसतील अशी खुर्ची माझ्या उजव्या बाजूला मांडून ठेवीन. ग्रामदेवीने बाईंना धडधाकट ठेवावे, उदंड आयुष्य द्यावे, आणि माझ्या हातात धनुष्य आहे तोवर ती खुर्ची रिकामी राहू नये.