वर्षभर घरी राहण्याचा नवस

रियमकडे छत्री नव्हती, हा आमच्या गावातला जुना विनोद. थायलंडच्या या चिंचोळ्या दक्षिणेत दोन्ही बाजूंना समुद्र, आणि कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पाऊस चालूच. तिथे पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईकडे छत्री नसावी? पण रियम पावसाच्या वाटेला कधी गेलीच नव्हती. मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या समुद्रावर ढग येतात, बेटांवर जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि पाहुणे पूर्वेच्या किनाऱ्याकडे वळतात. रियम सुऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या मागोमाग सामुई बेटावर जायची. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिची जागा ठरलेली असे. ऑक्टोबर संपता संपता तिकडे पाऊस सुरू झाला, की ती परत आमच्याकडे यायची.

आमच्याकडे म्हणजे माझ्या झोपड्यांवर. माझ्या यजमानांनी समोरच्या बेटावर बांबूच्या काही झोपड्या बांधल्या होत्या. ते गेल्यावर मी त्या चालवल्या, पण खरं तर चालल्या त्या रियमच्या हातच्या चवीवर. पाहुणे पुढच्या वर्षीच्या मुक्कामाबद्दल विचारत, तेव्हा समुद्र स्वच्छ आहे का हा प्रश्न नंतर यायचा. आधी रियम आहे ना, ते विचारायचे.

तिचं घर इकडे धक्क्याजवळच्या गावात होतं. घरात तिची आई, फिन. सगळं गाव तिला याय, म्हणजे आजी म्हणतं, म्हणून मीही याय फिन म्हणते, जरी आम्ही दोघी एकाच वयाच्या असलो तरी. आणि रियमचा मुलगा, मुक. मुक म्हणजे माकूळ. जन्मताच सुइणीच्या हातातून निसटला, म्हणून हे नाव पडलं. त्याचे वडील तो रांगत असतानाच दुसरीकडे संसार थाटून बसले. तेव्हापासून रियम दोन समुद्रांच्या मधली झाली आणि मुक आजीचा झाला.

मी गावच्या शाळेत शिकवत असे, त्यामुळे एक गोष्ट मी दर वर्षी पाहिली. ऑगस्टमध्ये मातृदिनाला शाळेत आयांसाठी खुर्च्या मांडतात. मुलं गुडघे टेकून आईच्या पायांशी बसतात आणि मोगऱ्याचा हार देतात. मुकच्या समोरच्या खुर्चीवर याय फिन बसायची, पान चघळत, सगळ्यांपेक्षा ताठ. मुक दोन हार करायचा. एक आजीला द्यायचा. दुसरा कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचा, आई येईपर्यंत. नोव्हेंबरात रियम आली की तो तपकिरी, कुरकुरीत झालेला हार तिला मिळायचा. ती तो गळ्यात घालून स्वयंपाक करायची. पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी स्थानिक रीत असेल.

मुक एकवीस वर्षांचा झाला आणि त्याची सैन्यभरतीची चिठ्ठी उचलायची वेळ आली. आमच्याकडे एप्रिलमध्ये मुलांना बोलावून पेटीत हात घालायला लावतात. काळी चिठ्ठी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत, आणि आमच्या भागातल्या मुलांना बहुतेक सरहद्दीवरच्या गडबडीत पाठवतात असा आयांचा समज. रियमची झोप उडाली. तिने मला गाडी काढायला लावली आणि आम्ही भूशिरावरच्या पणजोबांकडे गेलो. पणजोबा म्हणजे वडाच्या मुळांत बसवलेला एक लाकडी म्हातारा. अंगाला सोन्याचा वर्ख, पुढ्यात लाल सरबताच्या बाटल्या, त्यांत नळ्या खोवलेल्या. याय फिन गाडीच्या मागच्या बाजूला शहाळी धरून बसली होती.

रियमने उदबत्त्या लावल्या आणि एका दमात बोलून टाकलं. "पणजोबा, मी रियम, फिनची मुलगी. माझ्या पोराची काळी निघू दे. काळी निघाली तर मी वर्षभर घरी राहीन, त्याच्याजवळ. होडीत पाय ठेवणार नाही. कुठल्याच समुद्रावर पाहुण्यांसाठी चूल पेटवणार नाही."

याय फिनच्या हातातलं शहाळं खाली पडलं. "अगं ए! अंडी बोल! शंभर अंडी बोल, फटाके बोल, नाच बोल. वर्ष कुणी बोलतं का?"

"अंडी सगळेच बोलतात, आई. त्यांना अंड्यांचा वीट आला असेल."

"त्यांना कसला वीट? ते देव आहेत. वीट तुला आलाय, कामाचा."

"आला असेल," रियम म्हणाली. "पण आता बोलून झालंय."

मुकची चिठ्ठी काळी निघाली. याय फिनने नातवाच्या आधी त्या चिठ्ठीचा मुका घेतला आणि अधिकाऱ्याने ती हिसकावून परत घेतली.

मग सोंगक्रानचा सण आला. अंगावर पाणी उडवून सगळे दमलेले, ओले, घराच्या पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा मुकने सांगितलं.

"आई, सामुईहून तुझ्या मोठ्या आचाऱ्याचा फोन होता. तू येणार नाहीस म्हटल्यावर तुझी जागा रिकामी झाली ना. मला बोलावलंय. मी हो म्हटलं."

रियमच्या आधी याय फिन बोलली. "ती तुझ्यासाठी वर्षभर घरी बसणार, आणि तू चाललास?"

"मग काय दोघांनी बसायचं? आणि खायचं काय, पाऊस?" मुक म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आई, तूच तर त्याला सांगत होतीस, पोराला कामाला घे म्हणून."

ते खरं होतं. दोन वर्षं ती त्या आचाऱ्याच्या मागे लागली होती. रियमने आत जाऊन सुऱ्यांचं गाठोडं आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "लांब सुरीला कुणाला हात लावू देऊ नकोस," एवढंच म्हणाली.

अशा रीतीने मुलगा तिच्या जागेवर गेला आणि ती त्याच्या जागेवर राहिली.

त्या पावसाळ्यात रियमला मी पहिल्यांदा गोंधळलेली पाहिली. स्वतःच्या घरात मीठ कुठे असतं हे तिला आईला विचारावं लागे. आईने मसाला वाटायला घेतला की ही म्हणायची, असं नाही, तसं. याय फिन खलबत्ता तिच्यापुढे सरकवायची. "घे बाई. मी नुसती चाळीस वर्षं वाटतेय." पत्र्यावर सर आली की रियम दचकून दारात यायची आणि समोरच्या बायका ओरडायच्या, "अगं रियम, पाऊस आहे तो! वरून पडतो!" ती हसायची. पण धक्क्यावर जाऊन उभी राहायची, तेव्हा पाठ गावाकडे असायची आणि तोंड समुद्राकडे, तिकडे बघण्यासारखं काही नसताना.

मुकचे फोन यायचे, तेही स्वयंपाकाचे. आंबट कालवणात हळद किती, माशाचा वास कसा मारायचा. रियम सांगायची. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात यायचं, तो जेवला का हे विचारायचं राहूनच गेलं.

मातृदिनाच्या आठवड्यात कढईतलं तेल मुकच्या उजव्या हातावर सांडलं. इस्पितळात पट्ट्या बांधल्या, आणि बोटं आखडतील की काय ते नंतर कळेल असं सांगितलं. आचाऱ्याचा हात! रियमने त्याच दिवशी पिशवी भरली. मी तिला गाडीथांब्यावर गाठलं, तेव्हा ती पत्र्याच्या शेडखाली डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी होती. छत्री तेव्हाही नव्हतीच. तेवढ्यात मुकचा फोन आला.

"येऊ नकोस," तो म्हणाला. आवाज मलाही ऐकू येत होता. "नवस तू बोललीस, पण बोललीस माझ्या नावावर. तू मोडलास तर भोगायचं मी. आधीच एक हात गेलाय."

"गेलाय असं म्हणू नकोस रे!"

"मग तू घरी जा."

गाडी आली, थांबली, गेली. रियम शेडखालीच होती.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हाला मुद्दे मांडायला शिकवत, ती सवय अजून जात नाही. म्हटलं, "रियम, तू घरी राहीन म्हणालीस, आणि त्याच्याजवळ राहीन म्हणालीस. तो घरी नाही. आता या दोन्ही गोष्टी एकदम पाळता येतच नाहीत. तू त्याच्याजवळ गेलीस तर अर्धा नवस तरी खरा होतो."

"क्रू," ती म्हणाली. शिक्षिकेला इथे असंच म्हणतात. "पणजोबांना वकील नको असतो. त्यांनाच विचारू."

तेव्हा आम्ही परत भूशिरावर गेलो, त्याच तिघी. देवाला विचारायचं ते चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकून. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले, तर पणजोबा हसतायत. मग प्रश्न पुन्हा विचारायचा.

रियमने विचारलं, "जाऊ का?" आणि तुकडे टाकले. दोन्ही उताणे.

तिने परत टाकले. दोन्ही उताणे.

तिसऱ्यांदा तिने ते जोरात टाकले. एक तुकडा गरगरत लांब गेला, मुळाला आपटला आणि उताणा पडला. दुसरा आधीच तसा पडला होता.

"हसताय काय?" रियम एकदम ओरडली. देवळात असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "पोराचा हात भाजलाय आणि तुम्ही हसताय? मी आजपर्यंत त्याच्याजवळ नव्हते. सगळ्या जगाच्या पोरांना वाढलं, त्याला नाही. एक वर्ष मागितलं, ते पण तुम्ही असं दिलंत?" आणि ती रडायला लागली, तोंडावर हात नाही, फडकं नाही, तशीच.

याय फिनने ते तुकडे उचलले, पुसले, जागेवर ठेवले. मग लेकीकडे वळली.

"नवस कुणी बोलला?" तिने विचारलं.

"मी," रियम नाक ओढत म्हणाली.

"मी बोलले का?"

"नाही."

"मग मी जाते."

याय फिन जिल्ह्याच्या इस्पितळापलीकडे कधी गेली नव्हती. माझ्या बेटावरसुद्धा ती आयुष्यात एकदाच आली होती. समुद्र बघायला लोक पैसे देऊन येतात, याचं तिला कायम हसू यायचं. दारातून दिसतो की, म्हणायची.

"आई, तुझे गुडघे—"

"गुडघे गाडीत बसतात. चालवायची थोडीच आहे मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला होडीवर चढून थेट सामुईला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. बरोबर एक डबा, पानाची पिशवी आणि रियमने दिलेला, हॉटेलचं नाव लिहिलेला कागद. तो कागद तिने वाचता येत नसल्यामुळे चालकाच्याच खिशात कोंबला. "हरवू नकोस," त्याला म्हणाली. "मला पण."

पुढचा दिवस आणि त्यानंतरचा अर्धा दिवस काहीच कळलं नाही, मुकचा फोनही लागेना. रियम दोनदा पिशवी भरायला उठली आणि दोनदा बसली. तिसऱ्या प्रहरी गाडी दारात आली, आणि तीतून मुक उतरला. एकटाच. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात थांब्यावर विकत घेतलेला मोगऱ्याचा हार. भर पावसात त्याने गुडघे टेकले आणि हार पुढे केला.

"डाव्या हाताने देतोस?" रियम म्हणाली. "हे शिकवलं तुला यायने?"

"उजवा दाखवू का उघडून?"

मग तिने तो हार घेतला. ताजा होता, ओला होता. तिने काय केलं ते मी बघितलं नाही. मी गाडीच्या चालकाकडे वळले होते, याय फिन कुठे आहे ते विचारायला.

"आजी तिथून निघायला तयार नाहीत," तो म्हणाला. "पोराला एकट्याला बसवलं आणि म्हणाल्या, ह्याला ह्याच्या आईच्या दारात सोड, मी राहते."

मुकने घरी आल्यावर सगळं सांगितलं. यायने हॉटेलात पोचल्या पोचल्या मोठ्या आचाऱ्याला खडसावलं की हात बरा होईपर्यंत पोरगा घरी जाणार आणि त्याची जागा कुणाला द्यायची नाही. आचारी हो म्हणाला, कारण ती तोपर्यंत त्याच्या स्वयंपाकघरात खलबत्त्यापाशी बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मग रियमच्या जुन्या मैत्रिणींनी तिला आपल्या खोलीत झोपायला जागा दिली.

"पण ती राहिली कशाला?" रियमने विचारलं.

मुकने खांदे उडवले. "मी पण विचारलं. म्हणाली, मी घरी असले की तुला वाढायला मीच उठते. सवय झाली आहे हातांना."

रियम उठली. ताटात भात घेतला, वर कालवण ओतलं, माशाचे काटे काढले आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

"आई, मला चमच्याने खाता येतं. डाव्या हाताने."

"डावा हात शांत ठेव. उघड तोंड."

त्याने उघडलं. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता, पण या वेळी ती दचकली नाही.

आठवड्याभराने मी गेले, तेव्हा मुक बोटं हळूहळू मिटून दाखवत होता आणि रियम त्याला मसाला वाटायला शिकवत होती, म्हणजे स्वतः वाटत होती आणि तो चुका काढत होता. याय फिनचा फोन आला. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळे तो सगळ्या आळीने ऐकला.

"छत्रीखाली बसलेय! मोठ्या, रंगीत! तुमच्यासारखी पावसाची नाही, उन्हाची! एका गोऱ्या पोरीने माझा फोटो काढला, शहाळं दिलं. मी म्हटलं, आमच्याकडे झाडावर असतं."

"आई, परत कधी येतेस?" रियमने विचारलं.

"पोराची बोटं मिटली का?"

रियमने मुकच्या हाताकडे पाहिलं. मूठ जवळजवळ मिटत होती. तिने त्याला डोळ्याने गप्प राहायला सांगितलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "वेळ लागेल म्हणतात."

"लागू दे," पलीकडून आवाज आला. "हा समुद्र बरा आहे."