उघाडी कोणी बुजवली

“मी उघाडीला हात लावला नाय, किती वेला सांगू?” दीपेशनं ताट पुढे ढकललं. “तुझ्या डोक्यात भूत बसलंय, आय.”

“मग गाळ काय आपल्या पायांनी चालत गेला तिथं?” येसूबाई ओल्या लुगड्यानिशी दारातच उभी होती. “तलाव आटला का बिल्डर तो बुजवनार, भरावाचं काम तुला मिलनार. सगल्या गावाला म्हाईत हाय.”

“गावाला काय कामधंदा हाय? तू टेन्शन घेऊ नको.”

करावे गावाबाहेर जमिनीची एक चिंचोळी पट्टी खाडीत शिरली आहे. गाव तिला टोक म्हणतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तलाव. भरतीचं पाणी बांधाखाली ठेवलेल्या वाटेनं, उघाडीतून, तलावात येतं आणि ओहोटीला परत जातं. खारशेती होती तेव्हा उघाडी सांभाळायचं काम येसूबाईच्या सासऱ्यांकडे होतं. शेतं शहरात गेली, उघाडी तेवढी राहिली.

येसूबाई मोऱ्याहून नवरी होऊन आली आणि त्याच गाळात शिवल्या, खाडीतल्या शिंपल्या, वेचू लागली. पुढे फ्लेमिंगो बघायला बाहेरची माणसं यायला लागली, तर पाय रुतणार नाही अशा वाटा तिनं त्यांना दाखवल्या. तलाव राखीव व्हावा म्हणून त्यांच्याबरोबर सरकारी कचेरीच्या दारात जाऊन बसली. शेजारी तिचा नवरा रामचंद्र. बोलायची ती, छत्री धरायचा तो. टोकावर बाग झाली, बाकं आली, ‘राखीव क्षेत्र’ अशी पाटी लागली, तेव्हा घरोघर पेढे त्यानंच वाटले होते. तेव्हापासून संध्याकाळी दोघं तलावाकाठच्या बाकावर जाऊन बसत. फारसं बोलत नसत. बोलायची गरज पडत नसे.

यंदा तलावाचं पाणी हटत गेलं. काठाच्या चिखलाला भेगा पडल्या, पक्षी उठून गेले. उघाडीत कचरा अडकला असेल, असं जो तो म्हणत होता. शेवटी आज येसूबाई स्वतःच ओहोटीला उतरली आणि उघाडीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला. कचरा नव्हताच. पेंढ्याचा पीळ घातलेले जाड वेठ, त्यावर थापलेला गाळ, पुन्हा वेठ, आणि बाहेरून दगड.

“आई, घरातली मोरी तुंबली तर हे नाक धरून बाहेर जातात,” सून भावना चुलीपासून म्हणाली. “खाडीच्या गाळात उतरतील का हे?”

येसूबाईला हसू येणार होतं. ते ओठांवरच राहिलं. खरंच की. दीपेशला वेठ वळता येत नाही. पेंढा कधी हातात धरला नाही त्यानं. फुटलेला बांध वेठ घालून बुजवायची ती रीत सासऱ्यांनी एकालाच शिकवली होती.

तिनं रामचंद्रकडे पाहिलं. तो बोइटाचा काटा मन लावून काढत होता.

“तुमी?”

“जेव आदी. पाय धू.”

“मी इचारते, तुमी बुजवली?”

काटा ताटाच्या कडेला ठेवून तो म्हणाला, “पोराचं कायतरी लागाला नको? असा किती दिवस घरात बसंल? पाखरांचं काय, ती दुसरीकडं जातील.”

“काल बाकावर मी म्हनलं, पानी का येत नाय. तुमी म्हनलात, प्लास्टिक अडकलं असंल. माझ्याकडं बघून म्हनलात.”

रामचंद्रनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं.

“बाबा आपल्या मनानं गेले,” दीपेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला. “मी सांगितलं नव्हतं.”

“पन तुला म्हाईत होतं.”

दीपेशनं मोबाइल पालथा ठेवला. भावनानं तव्यावरची भाकरी उलटली, नुकतीच उलटलेली पुन्हा उलटली. म्हणजे तिलाही माहीत होतं. एवढ्याशा घरात एकट्या येसूबाईपासून ही गोष्ट लपवून सगळे तिच्याच हातचं कालवण जेवत होते.

ती मोरीवर गेली. पायांवरचा गाळ घासून धुतला, कोरडं लुगडं नेसली. परत आली तेव्हा तिचं ताट वाढून ठेवलेलं होतं. ती बसली नाही.

“उद्या सकालच्या ओहोटीला मी उघाडी मोकली करनार,” ती म्हणाली. “आनि कोनी बुजवली ते देवलापुढं उभी राहून सांगनार. तुमचं नाव घेऊन.”