अठरा ओळींची पाककृती

ट्राउगोट नीबलिंगचा बाप हातमोजे शिवायचा. मुलाला सुई धरता येईना, पण जीभ मात्र सुईसारखी. तेव्हा बापाने कंटाळून त्याला शाळेत घातलं. तीन न खपलेले कवितासंग्रह, एक अर्धवट नाटक आणि एक पुरतं लग्न एवढं पदरी पडल्यावर चौतिसाव्या वर्षी तो ‘लिंडेनरोडा वार्तापत्रा’चा संपादक झाला. बातम्या आणणारा तोच, लिहिणारा तोच, आणि छपाईचे खिळे कमी पडले की मजकूर छाटणाराही तोच.

खरी छाटणी मात्र डॉक्टर डोर्फेल करीत. ते शाळेत लॅटिन शिकवीत आणि सरकारतर्फे वार्तापत्र तपासत. छापण्याआधी पान त्यांच्याकडे जाई आणि लाल पेन्सिलीच्या रेघा अंगावर घेऊन परत येई. कापलेली जागा कोरी सोडायला बंदी होती, कारण कोऱ्या जागेवरून लोकांना कापाकापी कळते. म्हणून नीबलिंगने बायकोकडून, रीकेकडून, पाककृती लिहून घेतल्या होत्या. चार ओळींची, दहा ओळींची, अठरा ओळींची. जागा पडेल तशी बसवायची.

लिंडेनरोडाच्या लोकांना हे उमगायला दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. ‘सोनेरी मेंढा’ खानावळीत पत्र आलं की ते आधी पाककृती शोधत आणि मग ओळी मोजत.

“चार. नगराध्यक्षांची बायको असणार.”

“दहा आहेत, नीट मोज. दहा म्हणजे थेट राजवाडा.”

१८४७ च्या वसंतात बटाटे कुजून गेले होते आणि राय, म्हणजे रोजच्या पावाचं धान्य, दुप्पट महागलं होतं. अशात कोठारातल्या एका हमालाने नीबलिंगला सांगितलं, की टेकडीवरच्या सरकारी कोठारात रायची सातशे पोती पडून आहेत. भाव अजून चढावा म्हणून अधिकारी दार उघडत नाही.

नीबलिंगने लेखणी उचलली, आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. त्याला दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरीला परवाना जाणार, पत्र बंद होणार. त्याने लेखणी खाली ठेवली.

“रीके, अठरा ओळींची दे.”

“काय कापलं त्यांनी?”

“काही नाही. मीच लिहिलं नाही.”

रीकेने वही पुढे केली. पाककृती शिळ्या पावाच्या गोळ्यांची निघाली. डोर्फेलांनी पान एकही रेघ न मारता परत पाठवलं.

त्या संध्याकाळी खानावळीत झाइडलर चांभाराने ती मोठ्याने वाचली.

“शिळा पाव घ्यावा म्हणे. या गावात पावाला शिळं व्हायला सवड कुठे मिळते?”

“ज्याच्याकडे उरतो, त्याच्याकडे होतो.”

“आणि उरतो कुणाकडे?”

सगळ्यांनी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. अठरा ओळी! एवढं आजवर कधी कापलं गेलं नव्हतं.

सकाळी दोनशे बायका टोपल्या घेऊन कोठाराच्या दाराशी उभ्या होत्या. कुणी दगड मारला नाही, कुणी ओरडलं नाही. अधिकाऱ्याला वाटलं, पत्रात सगळं फुटलंय. दुपारपर्यंत राय जुन्या भावाने विकली जाऊ लागली.

चौथ्या दिवशी राजधानीहून आयुक्त आले. डोर्फेलांनी त्यांच्यापुढे बिनरेघांचं पान ठेवलं.

“म्हणजे कापलं काहीच नाही?” आयुक्त म्हणाले आणि नीबलिंगकडे वळले. “उत्तम. मग पहिल्या पानावर सहीनिशी छापा. कोठाराविषयी आपण एक अक्षरही लिहिलं नव्हतं, पाककृती ही पाककृतीच होती. नाहीतर परवाना इथे ठेवा.”

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. नीबलिंगने तो खुलासा छापला. दुसऱ्या दिवशी कोठाराचं दार पुन्हा बंद झालं.

‘सोनेरी मेंढा’त तो शिरला तेव्हा झाइडलरने त्याच्यापुढे बिअर सरकवली.

“मानेवर सुरी ठेवून लिहून घेतलं ना?”

“झाइडलर, ते खरं आहे. मला माहीत होतं, पण मी भ्यालो. काहीच लिहिलं नव्हतं.”

“असंच म्हणत राहा, संपादकमहाशय. भिंतींना कान असतात.” त्याने डोळा मारला. “पण छाती आहे हो तुमची.”

तीन कवितासंग्रह लिहून जी शाबासकी मिळाली नव्हती, ती न लिहिलेल्या मजकुराला मिळत होती. नीबलिंगला ती बिअर गिळवेना. तो तसाच उठला, घरी गेला आणि जे आठवड्यापूर्वी लिहायचं होतं ते लिहून काढलं. मग पान घेऊन स्वतः डोर्फेलांकडे गेला.

डोर्फेलांनी दोनदा वाचलं.

“तिसरी ताकीद येईल.”

“माहीत आहे.”

“माझंही पद जाईल.”

“तेवढं लक्षात आलं नव्हतं,” नीबलिंग म्हणाला. “मग कापा.”

डोर्फेलांनी पेन्सिल उचलली. अधिकाऱ्याचं नाव गेलं, लोभावरचं वाक्य गेलं, ‘निर्दय’ गेलं, ‘पाषाणहृदयी’ गेलं. “विशेषणं फार. तुमच्या कवितांतही हीच खोड आहे,” ते पुटपुटले. शेवटी पाच ओळी उरल्या. सातशे पोती होती, चार दिवस विकली, मंगळवारपासून दार बंद आहे, उरलेली आतच आहेत, रायचा आजचा भाव अमुक. त्याखाली त्यांनी सही केली.

या खेपेला बायका पत्र हातात घेऊन गेल्या. जूनपर्यंत कोठार रिकामं झालं, आणि जूनमध्येच परवाना गेला. डोर्फेलांचं पदही गेलं; त्यांचं लॅटिन शाबूत होतं.

नीबलिंग पुढे पंचांगं लिहून जगला. जत्रांच्या तारखा, हवेचे अंदाज, मधेमधे एखादी गोष्ट. अंदाज बहुधा चुकत, पण पंचांग खपे. म्हातारपणीही लोक त्याला पाककृतीवालाच म्हणत आणि तिचा किस्सा त्यालाच ऐकवत. त्या पाच ओळी कुणाच्या लक्षात नव्हत्या. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणे. तो असं म्हणू लागला की रीके त्याच्याकडे न बघता विणकामाचे टाके मोजत बसे.