पुणतांबा, द्वितीय वर्ष

रोहिणीबद्दल जे चांगलं आहे ते आधी लिहून टाकते. पुढे गेल्यावर मला ते लिहायची इच्छा राहील याची खात्री नाही.

संगमनेरच्या कॉलेजात आम्ही एका हॉस्टेलवर, एका खोलीत होतो. ती तिसगावची, मी पुणतांब्याची. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि आमच्या घरी ऊस होता. म्हणजे तिच्यासारख्यांची टोळी आमच्या बांधाला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या टाकून राहायची आणि माझी आई त्यांना ताक द्यायची. हे पहिल्याच दिवशी बोलण्यात निघालं आणि मला अवघडल्यासारखं झालं. तिला काहीच वाटलं नाही. "ताक घट आसायचं का पातळ?" एवढंच तिने विचारलं. मी म्हणाले, पातळ. "मंग तू खरं बोलतीस," ती म्हणाली आणि गादी पसरायला लागली.

बुटकी, रुंद खांद्याची मुलगी. लहानपणापासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या, त्यामुळे मान कायम ताठ. नव्या मुलींना ती गर्विष्ठ वाटायची. तिची एक सवय सगळ्या हॉस्टेलला माहीत होती: ती कोणाला नावाने हाक मारायची नाही, गावाच्या नावाने मारायची. साखर कारखान्याच्या तळावर तशीच पद्धत. गाड्यांची रांग लागली की मुकादम ओरडतो, "तिसगाव, गाडी पुढं घ्या." त्या एका हाकेत दीडशे माणसं उठतात. ती त्या हाकेत वाढलेली. त्यामुळे मी "पुणतांबा", शेजारच्या खोलीतली धनश्री "कोतूळ", आणि मेसच्या रंगुबाईंनासुद्धा ती "सुकेवाडी" म्हणायची. रंगुबाई आधी चिडायच्या, मग तिला पोळी जास्त वाढायला लागल्या.

आम्ही दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा कॉलेजात "मनमित्र" नावाचा उपक्रम सुरू झाला. मुलं प्राध्यापकांना मनातलं सांगत नाहीत, घरी सांगत नाहीत, पण बरोबरीच्यांना सांगतात, म्हणून विद्यार्थ्यांमधूनच ऐकणारे तयार करायचे. कल्पना चांगली होती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही. समन्वयक होते सुनील सर. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि दहा जणांना निळे बिल्ले मिळाले. त्यात रोहिणी होती. ती "कमवा आणि शिका"मध्ये ग्रंथालयात काम करायची, हॉस्टेलची जागाही तिला सरांच्याच शब्दावर मिळाली होती. सरांनी बोट दाखवलं की ती उभी राहायची.

बाकी नऊ जणांनी बिल्ला दप्तराला लावला आणि विषय संपवला. रोहिणीला मात्र ते काम खरंच येत होतं. ती सल्ला द्यायची नाही. समोरचा बोलत असताना ती भाजी निवडायची, नाहीतर कोणाच्या तरी केसांना तेल लावत बसायची, आणि मधेच विचारायची, "मंग?" बस्स. त्या एका "मंग?"वर मी मुलींना तास तास बोलताना पाहिलंय.

सप्टेंबरमध्ये मी पडले. पडले म्हणजे ताप नाही, खोकला नाही. सकाळी डोळे उघडायचे आणि उठावंसं वाटायचं नाही. लेक्चरं बुडाली, प्रॅक्टिकलं बुडाली, अंघोळ बुडाली. घरून फोन आला की मी आवाजात उत्साह आणून छान छान बोलायचे आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करायचे. काही झालं नव्हतं, हेच तर सांगता येत नव्हतं. प्रेमभंग नाही, नापास नाही, घरी भांडण नाही. कारण असतं तर निदान दाखवता तरी आलं असतं.

रोहिणीने पंधरा दिवस मला काही विचारलं नाही. बादलीत पाणी आणून ठेवायची, माझे केस विंचरायची, भाकरी घेऊन समोर बसायची आणि मी दोन घास खाईपर्यंत स्वतः खायची नाही. सोळाव्या दिवशी मी तिला म्हणाले की मला जगायचाच कंटाळा आलाय. ती दचकली नाही. केसांतला हात तसाच ठेवून म्हणाली, "पुणतांबा, मोळी कितीबी हलकी आसूंदी, डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतोच. येकटं कुनी चढवित न्हाई. उद्या दवाखान्यात जाऊ."

गेलो. डॉक्टर शांत होते, गोळ्या सुरू झाल्या. त्या तिने स्वतःच्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं, आणि रोज जेवणानंतर एक एक काढून द्यायची. मी तिला शपथ घातली की घरी कळता कामा नये. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भावकीतल्या सगळ्यांचं ऐकून घेऊन मला बाहेर शिकायला ठेवलं होतं. पोरीच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत एवढं गावात फिरलं असतं तरी ते मला दुसऱ्या दिवशी घेऊन गेले असते. "माझ्या तोंडून न्हाई जायाचं," ती म्हणाली. आणि खरंच, तोंडून गेलं नाही. डिसेंबरपर्यंत मी वर्गात बसायला लागले होते. सबमिशन पूर्ण केलं. रंगुबाईंशी भांडलेसुद्धा. जिवंत माणसासारखी वागायला लागले होते, ते तिच्यामुळे. हे मी नाकारत नाही.

आता पुढचं.

मनमित्रांना एक रजिस्टर लिहावं लागायचं. नियम असा की नाव लिहायचं नाही. बाकीच्यांची रजिस्टरं कोरीच होती. रोहिणीने मात्र मन लावून लिहिलं, आणि नावाऐवजी काय लिहिलं? गाव. नंतर मी तिला विचारलं तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, "गाव म्हंजी काय नाव हाय का? गावात हजार मान्सं आसत्यात." तळावर तिसगाव म्हटलं की दीडशे माणसं उठायची. आमच्या कॉलेजात पुणतांबा म्हटलं की एकटी मी उठत होते. हे तिच्या लक्षातच आलं नाही. सर म्हणाले होते, रजिस्टर माझ्या कपाटात राहील, माझ्याशिवाय कोणी बघणार नाही. तिने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि मी तिच्यावर.

जानेवारीत कॉलेजचं मूल्यांकन करायला कमिटी आली. आठवडाभर आधीपासून कुंड्या भाड्याने आल्या, भिंती रंगल्या, न चालणारे पंखे चालू झाले. प्रत्येक उपक्रमाचं एक टेबल मांडलं. मनमित्रच्या टेबलावर गुलाबाची फुलं, सरांचा प्रशिक्षणातला फोटो, आणि मधोमध रोहिणीचं रजिस्टर, उघडून ठेवलेलं. दहांतलं तेवढंच भरलेलं होतं ना. कमिटी खूश झाली. कोणीतरी टेबलाचा फोटो काढला आणि तो कॉलेजच्या फेसबुक पानावर गेला. फोटो इतका स्वच्छ होता की बोटांनी मोठा केला की अक्षर न् अक्षर वाचता यायचं. पुणतांबा, द्वितीय वर्ष. झोप नाही, जेवण नाही. जगायचा कंटाळा म्हणते. गोळ्या चालू, माझ्याकडे ठेवल्या आहेत.

संध्याकाळपर्यंत तो फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर होता. आईचा फोन आला, "कसल्या गोळ्या गं?" आणि ती रडायलाच लागली. नाना सोमवारी येतायत, असं तिने सांगितलं.

रोहिणी माझ्या पाया पडली. अक्षरशः पडली. मी तिला उठवलं. मला राग आला होता, पण तो सरांचा. तिची चूक होती, लबाडी नव्हती, आणि चुकीला काय, आपण सगळेच चुकतो. त्या रात्री मी तिला माफ केलं. इथे गोष्ट संपली असती तर हे व्यक्तिचित्र मी तिच्या सत्काराला वाचून दाखवलं असतं.

रविवारी दुपारी ती एक कागद घेऊन आली. टाइप केलेलं संमतीपत्र. माझी माहिती उपक्रमासाठी वापरायला माझी हरकत नाही, वगैरे. खाली तारीख एक जुलै. एक जुलैला मी आजारीसुद्धा नव्हते.

"सर म्हनले, निसती सही फायलीला लागती," ती म्हणाली. "कुनाला दावनार न्हाईत."

"आणि सही केली नाही तर?"

तिने कागद गादीवर ठेवला. मग म्हणाली, "रजिस्टर मी लिव्हलंय. सर म्हनले, मंग जबाबदारी बी तुझी. हॉस्टेल जाईल, लायब्ररीचं काम जाईल. मामाच्या पोराचं घरात बोलनं चालूच हाय. लग्न लावत्याल आन् पुढल्या सीझनला माझा बी कोयता."

कोयता म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नवराबायको मिळून एक कोयता. आमच्या बांधावर मी ते पाहिलं होतं, कंबरेला पोर बांधून ऊस तोडणाऱ्या माझ्याच वयाच्या मुली. जिने मला उठवून बसवलं तिला तिथे पाठवायचं? मी सही केली. कागदाखाली तिनेच माझी वही धरली होती, पेनही तिचंच होतं.

सोमवारी नाना आले. मी जीव मुठीत घेऊन गेटवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताला धरलं आणि विचारलं, "आता बरं हाय का?" मी मान हलवली. "मंग झालं. गोळ्या घ्यायच्या आन् शिकायचं. कॉलेज सोडायचं न्हाई. पन ज्यानं हे मांडून ठिवलं त्याला आज इचारतो." मला काय वाटलं ते कसं सांगू? चार महिने ज्या माणसाला मी भीत होते तो माझ्या बाजूने भांडायला आला होता. कॉरिडॉरमधून मी त्यांच्या मागे ताठ मानेने चालले.

सरांच्या केबिनमध्ये रोहिणीला आधीच बोलावून ठेवलं होतं. ती दाराशी उभी होती. नाना बसलेच नाहीत. "साहेब, माझी पोर आजारी हाय तर मी तिला दवाखान्यात नेईन. तुमी तिचं दुखनं टेबलावर मांडलं. फुलं ठिवून. कुनाला इचारून?"

सरांनी फाईल उघडली आणि संमतीपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमच्या मुलीलाच विचारून."

नानांनी चष्मा लावला. वाचताना त्यांचे ओठ हलतात. ते सगळं वाचून तारखेपर्यंत आले आणि तिथे थांबले. "जुलै," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ही सही तुझी हाय?"

मी रोहिणीकडे पाहिलं. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. सर, ही सही काल घेतलीय. इतकंच. माझ्या तोंडून ते निघालं असतं तर मी तिच्यावर आळ घेतल्यासारखं झालं असतं, सरांनी तिलाच धरलं असतं. तिने स्वतः सांगितलं असतं तर निदान नानांना कळलं असतं. कदाचित तिचं हॉस्टेल गेलं असतं, कदाचित नसतंही गेलं, नाना तिच्यासाठीही भांडले असते. मी वाट पाहिली. ती जमिनीकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मला दिसलं, पण तोंड उघडलं नाही. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रोज त्याच केसांना तेल लावणाऱ्या हातांनी कापला होता.

"व्हय," मी म्हणाले. "माझीच."

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. सरांना त्यांनी चक्क हात जोडले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आईबापाला सांगायचं न्हाई आन् जगाला सांगायला सही. सामान भर."

मी भरलं. रोहिणी खोलीत आली, पेटीचं कुलूप उघडून माझ्या गोळ्या काढल्या आणि माझ्या पिशवीत ठेवल्या. नानांना खरं काय ते मी आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तरी आता त्यांना ते पटणार नाही. त्यांच्या दृष्टीने सही माझीच असं मी एकदा कबूल केलंय, आता वेगळं काही सांगितलं तर ती मागाहून मारलेली थाप. मी घरूनच मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे. रसायनशास्त्र सुटलं ते सुटलंच. गोळ्या आता बंद झाल्यात, डॉक्टरांनीच बंद केल्या.

गेल्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. दीड वर्षानंतर. मी कापणार होते. पण पलीकडे ती ज्या तऱ्हेने श्वास घेत होती तो श्वास मला ओळखीचा होता, तसा मी स्वतः घेतलेला आहे. मग मी ओट्यावर बसले आणि मेथी निवडायला घेतली. ती दीड तास बोलली. मी मधे मधे फक्त "मंग?" म्हणत होते. शेवटी तिला रडू आवरेना. दवाखान्यात जायला सोबत कोण आहे ते मी विचारलं, शेजारच्या खोलीतल्या धनश्रीचा नंबर दिला, आणि ती गेली की नाही ते दुसऱ्या दिवशी फोन करून पाहिलं. गेली होती.

मी तिला माफ केलेलं नाही. ते तिलाही सांगितलं. फोन ठेवताना तिने विचारलं, "कुनाला सांगनार न्हाईस ना?"

त्या दीड तासात ती काय बोलली ते मी कोणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.