दातांनी ऐकलेली ठकठक

आमची जुनी गाडी पार्शाच्या चढावर ठकठक करू लागली. शेजारी म्हणाले, "इंजीन गेलं, भंगारात घाला." तरी आम्ही नवरा-बायको तिला हळूहळू डिचोलीच्या मेस्त्रीकडे घेऊन गेलो. खाणीवरच्या यंत्रांच्या आवाजापायी तो जवळजवळ बहिरा झाला होता, म्हणून मी जरा कचरलोच. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि डोळे मिटून, दातांतून आवाज ऐकत टोकाची जागा बदलत राहिला.

"बेअरिंग बरी आसा. वरचो टॅपेट ढिलो जाला," तो म्हणाला. म्हणजे इंजीन शाबूत होतं, फक्त झडपेवरचा एक छोटा भाग सैल झाला होता.

बायकोने मूठ पुसून स्वतःच्या दातांत धरली आणि हसत म्हणाली, "अहो, टाळूत वाजतंय!"

अर्ध्या तासात टॅपेट बसला, ठकठक थांबली. घरापर्यंत आम्ही गाणी म्हणत आलो.