बाजाराची रात्र

केवळाबाईला तारखा माहीत नव्हत्या आणि त्याची तिला काडीचीही लाज नव्हती. ग्रामसेवकाने एकदा तिला ऑगस्ट महिन्यात अमुक दिवशी पंचायतीत ये म्हणून सांगितलं, तर तिने विचारलं, "त्यो कंच्या गावचा?" माणसं हसली. तिला त्याचं काही नव्हतं. गावाला हसायला आवडतं, हसू दे, मेंढरं काय त्यांनी राखायची आहेत का, असा तिचा खाक्या.

तिचा हिशेब सरळ होता. दिवस उगवला की वार सुरू झाला. पुढचा दिवस उगवेपर्यंत तोच वार. मधली सगळी रात्र त्याच वाराच्या पदरात. आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा, म्हणून बाजार उठल्यानंतरची अख्खी रात्र ही बाजाराची रात्र. शनिवार उजाडला म्हणजे शनिवार. हे काही तिचं एकटीचं खूळ नव्हतं. आमचं सगळं गाव असंच बोलायचं, पाथरी-सोनपेठकडचे पाहुणेरावळेही असंच बोलायचे. मी पुढे बँकेत नोकरीला लागलो, तिथे वार रात्री बारा वाजता बदलतो. बदलो बापडा. पण मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही, की रात्री बाराला असं काय घडतं? कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही.

केवळाबाई धनगराची. नवरा सटवाजी तरणाबांड असतानाच गेला. भावकी म्हणाली, मेंढरं वाटून घेऊ, तू भाकर खा आणि गप बस. तिने काठी उचलली आणि दुसऱ्या दिवशी कळप घेऊन शिवाराबाहेर पडली, ती महिन्याने परत आली. वाटणीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. उंच, हडकुळी बाई. खांद्यावर घोंगडी, दातांना मिसरी आणि तोंडात शिव्या. शिवी देताना ती माणूस-मेंढरू असा भेद करायची नाही. मी कॉलेजला परभणीला गेलो तेव्हा सगळी वस्ती कौतुक करत होती, ही म्हणाली, "शिक लेकरा, पर तितलं शिकून आमालाच शहाणपन शिकवू नकोस."

गावाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, आता सगळं मिटलंय, कशाला उकरता? ज्यांचं जळलं त्यांना विचारा, मिटलं का ते.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आगी लागल्या. विद्यापीठ औरंगाबादला, आमचा बौद्धवाडा कुठल्या कुठे, आणि त्यात आमच्या आईचं घर गावाच्या पार टोकाला. माझी आई मनकर्णा, तिला सही येत नव्हती, विद्यापीठ तर तिने पाहिलंही नव्हतं. पण तिचा पोरगा कॉलेजात जातो, एवढं कारण, ज्याच्या रानात आम्ही राबायचो त्या बन्सीधर मालकाला पुरलं. घर पेटलं तेव्हा आई कशीबशी बाहेर पडली. म्हैस दाव्यालाच जळाली. मी परभणीला होतो.

त्या दिवसांत केवळाबाईची मेंढरं बन्सीधरच्याच शेतात बसवलेली होती. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवतात, लेंड्यांनी रान कसदार होतं आणि धनगराला त्याबद्दल धान्य मिळतं. ते शेत आमच्या घराला लागून. आवसेचा काळोख, हाताला हात दिसत नव्हता. मेंढरं बुजली म्हणून ती उठली. छप्पर पेटलं आणि त्याच उजेडात तिला डबा हातात धरलेला बन्सीधर दिसला. ज्याचं धान्य ती खात होती, तोच.

ती गप्प बसू शकली असती. गावात डोळे काय तिला एकटीलाच होते? पण फौजदार आला तेव्हा बोलली ती एकटीच. फौजदाराने कागदावर घटनेची वेळ मांडली: शनिवार, रात्री दोन. तिने काय सांगितलं आणि त्याने काय लिहिलं, हे तिला कोणी वाचून दाखवलं नाही.

आठवड्याच्या आत बन्सीधरच्या माणसांनी तिचा कळप शेतातून हुसकला. गावातल्या एकाही मालकाने तिला रानात येऊ दिलं नाही. ती जिंतूरच्या डोंगराकडे गेली, परक्या मुलखात मेंढरं चारत राहिली, आणि दर पेशीला एसटी बदलत बदलत कोर्टात हजर व्हायची. पेश्या तरी किती! आज वकील नाही, उद्या आरोपी आजारी. तिसऱ्या वर्षी कुठे गवाही सुरू झाली.

आधी आई पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलाने तिच्याकडून घोकवून घेतलं होतं: घर शनिवारी रात्री दोनला जळालं. आईने मान खाली घालून तेच म्हटलं. कोणी जाळलं विचारल्यावर म्हणाली, "मालकावर वहीम हाय." तीन वर्षं झाली होती, घराची राख केली होती त्याने, तरी मालकच. मला त्या मालक शब्दाची भयंकर चीड आली.

मग केवळाबाई. तिने जे पाहिलं ते सांगितलं, डब्यासकट. आरोपीचा वकील शहरातला, काळा कोट कडक इस्त्रीचा. तो गोड आवाजात म्हणाला, "आजी, कोणत्या रात्री पाहिलं?"

"बाजाराच्या राती."

"म्हणजे वार कोणता?"

"बाजार कवा भरतो? शुक्रवारी."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, फिर्याद शनिवारची, घरमालकीण शनिवार सांगते आणि डोळ्यांनी पाहणारी एकुलती एक साक्षीदार शुक्रवार म्हणते! हिने काही पाहिलंच नाही. हिला पढवलंय, आणि तेही धड पढवलेलं नाही."

कोर्टात बन्सीधरच्या बाजूची माणसं मोठ्याने हसली. केवळाबाईने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. "हसायला काय झालं रं? आग लागली तवा तर एक बी आला न्हाई, आता बरे आलाव दात काढाया."

साहेबांनी टेबल वाजवलं. पुढचे प्रश्न जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यायचं ठरलं.

सुट्टीत सरकारी वकील आमच्यापुढे डोक्याला हात लावून बसला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. म्हणाला, "आजी, घड्याळाप्रमाणे रात्री बारानंतर शनिवारच लागतो हो. दुपारी तेवढं शनिवार म्हणून टाका. एका शब्दाने सगळी केस वाचतेय."

"उजाडलं व्हतं का?"

"नव्हतं, पण कायद्याने..."

"मग शनवार कुटून आला? शनवार उजाडला तवा हिच्या घराची राख झाली व्हती. म्या शनवार म्हनलं तर म्या खोटी."

"तुम्ही शुक्रवार म्हटलात तर तो सुटतो!"

"सुटू दे. त्यो खोट्यानं सुटंल. म्या खोट्यानं धरनार न्हाई."

मी तिच्या पाया पडलो, म्हटलं केवळामाय, एवढं ऐक, आईसाठी ऐक. तिने मला उठवलं आणि आईकडे बोट केलं. "तिला शनवार सांगाया लावलं तुमी. घर तिचं, आग तिची, आन् वार तुमचा?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुपारी पुन्हा विचारलं. पुन्हा शुक्रवार. साहेबांनी तिचा जबाब आहे तसा लिहून घेतला.

पुढच्या पेशीला बन्सीधरचा साक्षीदार आला. भुजंग नावाचा पाथरीकडचा त्याचा सोयरा, साधा शेतकरी गडी. अंगावर धुतलेलं धोतर, चेहऱ्यावर देवाची शपथ घेतल्याची खरीखुरी भीती. वकिलाने विचारलं, शनिवारी रात्री आरोपी कुठे होता? भुजंग म्हणाला, "आमच्या घरी व्हता साहेब. जेवला, झोपला. खोटं कशाला बोलू?"

आणि तो खोटं बोलत नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. सरकारी वकिलाने कागद मिटले. बन्सीधरने मिशीवर हात फिरवला. संपलं, तीन वर्षं पाण्यात गेली.

तेवढ्यात मागून केवळाबाई उभी राहिली. "शनवारच्या राती झोपला असंल की! इचारा त्याला, बाजाराच्या राती कुटं व्हता?"

शिपाई धावला. साहेबांनी तिला दरडावलं, पुन्हा तोंड उघडलं तर बाहेर काढीन म्हणाले. ती बसली. पण साहेब भुजंगकडे बघतच राहिले. मग त्यांनी स्वतः विचारलं, "आरोपी तुमच्याकडे आला कधी?"

"शनवारी, दिस बुडताना. लय दमला व्हता."

"आणि गेला कधी?"

"ऐतवारी, न्याहारी करून."

"म्हणजे तुम्ही सांगताय ती शनिवार मावळल्यानंतरची रात्र. त्याच्या आदल्या रात्री, शुक्रवार मावळल्यावर, तो कुठे होता?"

"ते मला कसं ठावं साहेब? मला शनवारचीच रात इचारली, म्या शनवारची सांगितली."

शहरातला वकील खाडकन उभा राहिला आणि तसाच पुन्हा खाली बसला. त्याने आपल्या साक्षीदाराला वार विचारला होता, रात्र नीट विचारली नव्हती. भुजंगची रात्र आमच्याच हिशेबाची. घर पेटलं त्यानंतरच्या दिवशी बन्सीधर पाथरीला पळाला होता, आणि भुजंगने प्रामाणिकपणे नेमकं तेच सांगून टाकलं. आम्ही जिच्याकडून शनिवार वदवून घेतला ती आई आणि शनिवारच लिहिलेली फिर्याद, दोन्हींनी त्याला वाचवलं असतं. आड आला तो केवळाबाईचा शुक्रवार.

निकाल लागला. बन्सीधरला सक्तमजुरी झाली. आमच्या भागात त्या वर्षांत अशी शिक्षा किती ठिकाणी झाली, हे मला विचारू नका, संताप येतो.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळेच होते. एका बाजूला बन्सीधरचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला आम्ही चार माणसं. सरकारी वकील हसत हसत आला, केवळाबाईला म्हणाला, "आजी, जिंकलात. पण निकालात शनिवारच लिहिलंय हं, पहाटेचे दोन. कायद्याला तसंच लिहावं लागतं."

मला वाटलं, आता ही त्याचा उद्धार करणार. तिने केला नाही. तिने आईचा दंड धरला आणि तिला भाऊबंदांच्या समोर पुढे ओढलं.

"लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. मनकर्णे, तू सांग. खाली बघू नगस. तुजं घर कवा जळलं?"

समोरची माणसं आईकडे डोळे वटारून बघत होती. त्यांच्याच रानात उद्या आम्हाला कामाला जायचं होतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिने मान वर केली. आवाज चिरका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"शुक्रवारी जळलं. आवसंच्या राती. बन्सीधरनं जाळलं."