बिनकानाचा कप

तीन वर्षं आमच्या आईच्या तोंडी एकच विषय होता, कान. माणसांचे नव्हेत, कपांचे. मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून तिचं मातीकामाचं चाक होतं. कपाचं अंग ती बोलता बोलता वर काढायची, पण कान चिकटवायची वेळ आली की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. कान लहान झाला तर बोट अडकतं, मोठा झाला तर कप एका बाजूला कलतो. जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या भट्टीतून कप भाजून आले, की पहिला प्रश्न, "बोट जातंय का बघ गं." मी कामावर निघायच्या गडबडीत बोट न घालताच "जातंय" म्हणून मोकळी व्हायची. तिला ते कळायचं. म्हणून माझ्या मताला घरात काडीची किंमत नव्हती.

किंमत होती बाबांच्या ऑफिसला. बाबा नकाशांच्या कचेरीत होते. कप झाले की वर्तमानपत्रात गुंडाळून ते तिकडे वाटायला न्यायचे. प्रत्येक कपात आई चिठ्ठी घालायची, "कान कसा वाटला? खरं सांगा." मग रोज जेवताना बाबा एकेकाचं मत सांगायचे. टायपिस्ट बाईंना नाजूक कान आवडला. मोठ्या साहेबांची बोटं जाडजूड, त्यांना दोन बोटं जातील असा हवा. त्या साहेबांपायी आईने माझ्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळून माप घेतलं होतं! चिंध्यांची बोटं घेऊन मी अर्धा तास बसले होते, आणि ती खूश होती. "तोंडावर खरं बोलणारी माणसं मिळायला भाग्य लागतं," असं म्हणायची.

बाबा निवृत्त झाले, त्या दुपारी आम्ही दोघी निरोप समारंभाला गेलो. चहा आला तो कागदी पेल्यांत. आई जरा हिरमुसली, पण समारंभाला कोण घरचे कप काढतं, असं स्वतःच म्हणाली. तेवढ्यात मोठे साहेब आले. उंच, सडपातळ माणूस, बोटं पेन्सिलीसारखी. आई त्या बोटांकडे बघतच राहिली. मग तिने अगदी आपुलकीने विचारलं, "साहेब, कान आता बरा आहे ना?"

साहेबांनी गोंधळून स्वतःच्या कानाला हात लावला. "माझा? बराच आहे की, वहिनी."

आजूबाजूचे हसले. मलाही हसू फुटलं होतं, पण बाबा छताकडे बघत होते आणि माझं हसू तिथंच थांबलं. त्याच वेळी शिपाई एक जड खोकं छातीशी धरून बाबांपुढे आला. "साहेब, कपाटाच्या खालच्या खणातलं हे पण तुमचंच ना? तीन वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीत म्हणून विचारतो." आईने वरचं वर्तमानपत्र उलगडलं. कप. आत चिठ्ठी. दुसरं उलगडलं. त्यातही चिठ्ठी, घडीसुद्धा न मोडलेली.

घरी आल्यावर आईने खोकं टेबलावर ठेवलं. बाबाच बोलायला लागले.

"अगं, पहिल्याच खेपेला एकजण म्हणाला, वहिनी चिखलात खेळतात वाटतं. सगळे हसले. मला लाज वाटली. पुन्हा कुणाला कप द्यायचा धीर होईना, आणि तुला कसं सांगणार? तुझा हिरमोड झाला असता."

"झाला असता तर झाला असता," आई म्हणाली. "दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी चाकावर बसले असते. ते साहेब, त्या टायपिस्ट बाई, सगळी मतं तुमचीच होती? तीन वर्षं मी कुणाच्या बोटांसाठी कान करत होते हो?"

बाबा उलगडलेली वर्तमानपत्रं परत कपांवर गुंडाळायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांना फाडफाड बोलायला मी तोंड उघडलं, आणि "जातंय, जातंय" म्हणणारी मीच मला आठवले. मुकाट्याने आत गेले.

महिनाभर चाकावर जुनी चादर होती. मग एका सकाळी आई बसली आणि तिने एकच कप वळला. भट्टीतून आला तेव्हा बघितलं तर त्याला कानच नव्हता. तिने त्यात उकळता चहा काठोकाठ ओतला आणि बाबांच्या पुढे ठेवला.

"कसा झालाय? खरं सांगा."

बाबांनी कप उचलला. या हातातून त्या हातात घेतला, परत या हातात. बोटांची टोकं लालबुंद झाली. मी दारात उभी होते. भाजतंय म्हणा, बाबा. एवढं एकदा म्हणा.

"छान झालाय," बाबा म्हणाले. "एकदम छान."

आईने त्यांच्या हातातून कप काढून घेतला, बोटांवर गार पाण्याचं फडकं ठेवलं. मग गॅलरीत जाऊन उरलेली ओली माती पिशवीत भरली आणि पिशवी चित्रकलेच्या बाईंकडे देऊन आली.